भिंतीवर मावेल तेवढं

टायरच्या दुकानात आता मंडळी भरते,
कॅन्ससमध्ये, हायवेला लागून, धान्याच्या कोठारांसमोर.
शटर तेच. फरशीत मुरलेलं ऑइल तेच.
पाळक मेरिल ओडम म्हणाले, "ही भिंत.
हिच्यावर आमचा विश्वास लिहायचा. काय घेशील?"
मी म्हटलं, अक्षराला दीड डॉलर.
स्वल्पविराम फुकट.

मी पाट्या रंगवतो. गुरांच्या दवाखान्यावर,
दारूच्या दुकानावर, मयताच्या दोन गाड्यांवर
माझंच अक्षर आहे.
माझा स्वतःचा विश्वास शिडीवर,
तोही तिसरी पायरी सोडून.

कागद दोन पानी. भिंत बारा फूट.
टेप लावून सांगितलं, निम्मं गाळा.

म्हणून मंगळवारी रात्री बसले सगळे,
घडीच्या खुर्च्या, थर्मासमधली कॉफी.
कुणी पूर्वीचा लुथरन, कुणी कॅथलिक घरातली,
एकजण बाप्टिस्टांशी भांडून आलेला,
दोघं कुठलेच नव्हते.
पंथ दाराबाहेर काढून ठेवायचा, चिखलाच्या बुटांसारखा,
असं ठरलेलं होतं.
मोज्यांना थोडा लागलेला असायचाच.

देव एक: पिता, पुत्र, पवित्र आत्मा.
यावर कुणी काही बोललं नाही. मी उतरवून घेतलं.
शास्त्र हे देवाचं वचन.
"शब्दन्‌शब्द" घालायचं का?
घातलं, खोडलं, परत घातलं.
व्हर्लीन टटल म्हणाली, "आधी विचारा, वाचतंय कोण?"
सगळे हसले, जरा ओशाळून.
कॉफी पुन्हा ठेवली.

बाप्तिस्मा: पूर्ण पाण्याखाली, कळत्या वयात, आपल्या मर्जीनं.
इग्नेशिया, ती कॅथलिक घरातली, कपाकडे बघत म्हणाली,
"मला आईनं नेलं तेव्हा मी बावीस दिवसांची होते.
तेही पाणी ओलंच होतं."
मागच्या भिंतीला गुरांना पाजायची पत्र्याची टाकी.
रविवारी तीत माणसं बुडवून काढतात.
सगळे थोडा वेळ टाकीकडे बघत बसले.

नरकाशी आलो तेव्हा अकरा वाजून गेले होते.
लॉयल पेनर संध्याकाळपासून गप्प.
त्याचा मुलगा गेल्या हिवाळ्यात
गोळ्या खाऊन गेला, मोटेलमध्ये,
कधी कुठल्या मंडळीत न बसता.
लॉयल पाकीट काढून मला म्हणाला,
"त्या शब्दाचे होतील ते पैसे मी देतो.
फक्त लिहू नकोस."

पाळक बराच वेळ पेन उघडत-मिटत राहिले.
"कागदावरून मला तो काढता येणार नाही, लॉयल."
मग म्हणाले, "भिंत लहान आहे."

उरलं ते असं:
येशू मेला. उठला. परत येणार आहे.
तारण कृपेनं, कमाईनं नाही.
या मेजावर कुणीही यावं.

शेवटची ओळ कागदात नव्हतीच.
कुणी सुचवली, ते आता कुणालाच आठवत नाही.

पांढऱ्याचे दोन हात दिले.
सकाळी बघतो तर कृपेच्या बरोबर खाली
टायरवाल्याची जुनी लाल अक्षरं वर आलेली:
हवा फुकट.
तिसरा हात दिला. दुसऱ्या दिवशी गुलाबी होऊन पुन्हा हजर.
मी प्रायमर आणायला निघालो,
तर पाळक म्हणाले, "राहू दे."
विश्वासानं म्हणाले की खर्चाच्या भीतीनं,
मी विचारलं नाही.
ती अक्षरं माझी नव्हती. बिलात धरली नाहीत.

रविवारी चेक आणायला लवकर गेलो.
लॉयल एकटाच टाकी भरत होता, नळी हातात धरून.
गरम पाण्याच्या बादल्या ओळीनं मांडलेल्या.
"आज कोण आहे?" मी विचारलं.
"मला सांगितलं नाही कुणी," तो म्हणाला,
आणि बाही वर सारून
पाण्यात कोपर बुडवून पाहिलं,
तान्ह्या पोराला घालण्याआधी बघतात तसं.