खबर देणार

वेंगुर्ल्याच्या तहसील कचेरीत
चौथ्या खेपेला शिपायाने
कापडी बस्ता टेबलावर आपटला.
धुळीसोबत एक कसर पळाली.
माझ्या आधी तिने हे सगळं वाचलं होतं,
काही अक्षरं तर पचवलीही.

मोडी मला येत नाही.
भूमापनातून निवृत्त झालेले नार्वेकर
पानाला पन्नास रुपये घेतात
आणि चष्मा कपाळावर सरकवून
कागद नाकाशी धरतात,
बांगडा ताजा आहे का बघावं तसा.

कोण हवंय?
रवळू जानू तांडेल, मौजे खवणे.
काय झालं होतं त्याला?
बुडाला. आमच्यात सगळ्यांना माहीत आहे.
पाऊस सरायच्या आत पडाव लोटला,
मंगळुरी कौलांचं भाडं मिळालं म्हणून.
हाव नडली, असं आजोबा सांगत.
त्यांना त्यांच्या आईने सांगितलेलं.
तेव्हा ते चार वर्षांचे.

मला फक्त तारीख हवी होती.
भाच्याने काढलेल्या वंशावळीत
एक चौकोन रिकामा राहिला होता, एवढंच.

सन १९०९. देवी. पटकी. आमांश.
साप चावून एक पोर.
माडावरून पडून एक भंडारी.
बुडून तिघे.
तिघांत आमचा नाही.
पुढचं साल. नाही. त्याच्या पुढचं.
नार्वेकर म्हणाले, दुसऱ्या बंदरात लागला असेल,
मडं काय गाव विचारून लागतं?
त्यांनी चहा मागवला. मी पैसे मोजले.
बस्ता बांधताना शेवटचं पान सुटून आलं.

१९१६, माघ.
रवळू जानू. वय अजमासे चाळीस.
धंदा, काही नाही.
राहणार, खाजणापलीकडे खोपीत.
मयताचं कारण...
नार्वेकर थांबले. चष्मा खाली घेतला.
रक्तपिती, म्हणाले, आणि दाराकडे बघितलं,
शंभर वर्षांनीही कुणी ऐकेल असं.
खबर देणार: वैजी, मयताची बायको.

साडेसहा वर्षं.
म्हणजे बांगड्या तिने आधीच फोडल्या होत्या.
कपाळ पुसून, साऱ्या वाडीसमोर रडून
जित्या नवऱ्याची रांड झाली ती,
कारण घरात तीन मुली होत्या
आणि बुडालेल्याच्या मुलींना स्थळं येतात.

मग संध्याकाळी टोपली घेऊन निघायची.
कुठे गो? विचारलं कुणी, तर
"दर्याक वाडी दाखवून येतंय."

आमच्याकडे म्हाळाला अजून एक पान वेगळं निघतं.
ते दर्यावर नेत नाहीत.
खाजण ओलांडून कातळावर ठेवतात,
जिथे उधाणातही लाट पोचत नाही.
भात मऊ, जवळजवळ पेज.
माशाचे काटे एकूण एक काढलेले.
दर्यात गेलेल्याला काटे कसले टोचणार?
मी विचारलं होतं सातव्या वर्षी,
आणि आजोबांनी आयुष्यात एकदाच मारलेली चापट
ती.

काटे ते स्वतः काढत. दुसऱ्याला देत नसत.
माघात ते दहा वर्षांचे होते.
दहा वर्षांच्या पोराला काय काय दिसतं,
खाजणाच्या अलीकडून?
त्यांनी पलीकडची बोटं पाहिली होती का,
की आईने फक्त एवढंच सांगितलं,
नीट निवड, त्याला निवडता येत नाही.

नक्कल घेतली. शिक्का ओला होता.
चौकोनात तारीख लिहिली.
कारणाला भाच्याने जागा ठेवलेली नाही,
खबर देणारीला तर नाहीच.

बंदरावर आले. होड्या वर ओढलेल्या.
एक म्हातारा जाळ्याची भोकं सांधत होता,
मान वर न करता.

आईचा फोन. गावलो काय?

"गावली," मी म्हटलं.

वाऱ्यात तिला नीट ऐकू गेलं नसावं.
म्हणाली, पाचची एस्टी शेवटची,
आणि येताना तिरफळं आण.