उडालेली शाई

मी शेगडी सांभाळते, एवढंच.
आधीच सांगून टाकते, कारण त्या दिवसाच्या इतिवृत्तात
माझं नाव नाही, आणि ते बरोबरच आहे.

सातजण आले होते. चौघं नेनहून, गोठलेल्या समुद्रावरून,
दोन स्नोमोबिलवर, भुवयांत हिमाचे दाणे घेऊन.
रेनाटस दक्षिणेकडून, विमानानं,
तीन दिवस धुक्यात अडकल्यामुळे देवावरही थोडा रुसलेला.
जस्टिना आणि सलोमी इथल्याच.
जुन्या सवयीनं बायका डाव्या बाकांवर, पुरुष उजव्या;
मधली रिकामी वाट
पूर्वी ख्रिसमसला मुलांनी भरून जायची,
प्रत्येकाच्या हातात सफरचंद, सफरचंदात खोचलेली मेणबत्ती.

प्रश्न साधाच होता.
मंडळीत एकोणीस माणसं उरली.
चर्च चालू ठेवायचं, की दाराला फळ्या ठोकायच्या?
घंटा कुठे न्यायची?
आणि थडगी तर नेता येत नाहीत.

गुस्टाव म्हणाला, बोलणं पुष्कळ झालं,
आता एक तास ऐकू या.

तर ऐकलं.
गुस्टावच्या कानातलं यंत्र शीळ घालत होतं,
ती सगळ्यांना ऐकू येत होती, एक त्याला सोडून.
रेनाटसचं पोट गुरगुरलं.
मी लाकूड सरकवलं तेही गडगडाटासारखं वाजलं.
मग भरती आली.
किनाऱ्याचा बर्फ खालून उचलला गेला,
लांबवर तडकत गेला,
कुणी म्हातारं माणूस खुर्चीतून उठताना
हाडं वाजावीत तसा.
सलोमीनं डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं, परत मिटले.

तास संपला. कुणीच काही बोलेना.
तेव्हा रेनाटसला ती पेटी आठवली.
पूर्वी मंडळीचे वडील कौल लावत: तीन चिठ्ठ्या,
एकीवर हो, एकीवर नाही,
तिसरी कोरी. कोरी निघाली तर थांबायचं.
माझ्या पणजीच्या आजीला म्हणे आधी ‘नाही’ आलं होतं,
ती वर्षभर रडली, मग पुन्हा विचारायला लावलं.

पेटी ऑर्गनच्या मागे सापडली.
बिजागरी गंजलेली. गुस्टावनं प्रार्थना केली, लांबलचक,
हात घातला, एक काढली.
कोरी.
कुणीतरी सुटकेचा श्वास टाकला.
पण जस्टिना शाळेत शिकवायची, तिनं उरलेल्या दोन्ही उलगडल्या.
त्याही कोऱ्या.

शाई उडाली होती.
किती हिवाळ्यांचा दमटपणा, कोण मोजणार.
रेनाटसनं चिठ्ठी खिडकीपाशी नेली, तिरपी धरली,
मग माझ्याकडे आणली: धगीवर धर बघू,
कधी कधी अक्षरं उमटतात.
मी धरली. कड तपकिरी झाली.
मधोमध क्षणभर
उभी रेघ दिसल्यासारखी वाटली,
पण ती घडीची खूणही असेल,
आणि मी तर शेगडी सांभाळते.
मी मान हलवली.

सलोमी हसायला लागली.
म्हणाली, तीनदा थांबा म्हणाला तो,
आणखी किती मोठ्यानं सांगायचं तुम्हाला?
जस्टिना म्हणाली, किंवा म्हणत असेल,
मला काय विचारता, एकोणीस जणांना विचारा.
यावरून दोघींचं वाजलं.
चहा झाला, वाळवलेला मासा झाला,
वाद मिटला नाही.

उठण्याआधी स्तोत्र म्हटलं, चार आवाजांत.
म्हणजे तीनच;
रोझिना गेल्यापासून तिचा आवाज
कुणी भरून काढलेला नाही.
दुसऱ्या कडव्याला
मी शेगडीपाशी उभ्या उभ्या तो धरला.
कुणी वळून पाहिलं नाही.
गुस्टावनं यंत्राला मात्र बोट लावलं.

इतिवृत्तात लिहिलंय: निर्णय पुढे ढकलला.
रेनाटस घाईत निघाला, हातमोजे इथेच वाळत राहिले.
पेटी मी जागेवर ठेवली.
आत दोन चिठ्ठ्या पांढऱ्या,
एक कडेला भाजलेली.
आणखी शंभर वर्षांनी कुणी उघडलीच,
तर बिचारे डोकं खाजवतील,
हिचा अर्थ काय.