सत्ती-दुर्री

बंदीचे दिवस. होड्या वर ओढलेल्या, झापांखाली.
वेंगुर्ल्याच्या बंदरात बर्फ फोडल्याचाही आवाज नाही.
बस्त्याव जहाजावरून सुटीवर आलाय.
नऊ महिने परक्यांना पानं वाटून
त्याची बोटं अजून वाटतच राहतात,
पेजेच्या ताटाशीसुद्धा.

जाळ्यांच्या खोपीत आम्ही पाचजण.
खाली रापणीचं जुनं जाळं, वर गळका पत्रा,
पैशांच्या जागी काजूच्या बिया,
सोसायटीने पोचट म्हणून परत केलेल्या.

हातात दोनच पानं.
मधली पाच मागाहून येणार, सगळ्यांच्या मालकीची.
त्या दोनांवर ठरवायचं: आत, की बाहेर.

चांगलं पान कुणालाही खेळता येतं.
एक्क्यांची जोडी आली की सगुण कोचरेकरसुद्धा हुशार.
तो तेवढ्यासाठीच थांबतो,
आणि तो आत आला की आम्ही बाकीचे उठतो
वसुलीचा माणूस दिसल्यासारखे.
तीन आठवडे झाले, त्याची रास तेवढीच आहे.

लवू मात्र काहीही खेळतो.
सत्ती-दुर्री,
एक बदामाची, एक इस्पिकची,
एकमेकींशी बोलणं टाकलेल्या जावा.
तरी बिया पुढे.
"टाकून काय करू? जल्मभर टाकीतच इलंय."
यावर कुणी काही बोलत नाही.
कार्मेलीन त्याच्या बिया
फ्रॉकच्या झोळात ओढून घेते.

मला सगळ्यात जास्त बुडवलं ते राजा-तिर्रीने.
राजा दिसला की मान आपोआप ताठ होते.
बडा घर, पोकळ वासा.
मधे राजा निघाला तरी कुणाकडे तरी
राजाच असतो, राणीला घेऊन बसलेला.

बस्त्याव म्हणतो,
"पानां मगे. आदी बघ, तू खंय बसलंस."

शेवटी बोलायची पाळी असली,
सगुण खोकून उठलेला,
कार्मेलीन नख कुरतडत गप्प,
तर चौकटची पंजी-छक्की चालते.
एका गडग्याला लागून दोन लहान घरं.
दोन बिया टाकायच्या, तीन पानं बघायची,
काही नाही जमलं तर उठायचं.
आणि पहिली पाळी असली
तर तीच पंजी, तीच छक्की
न हळहळता खाली ठेवायची.
हे शिकायला माझा अख्खा जुलै गेला.

परवा रात्री लाईट गेली. कंदील मधोमध.
मला किलवरची चव्वी-पंजी.
डाव्या हाताला, माझ्यानंतर, कार्मेलीन.
मी टाकली.

मधे आली: सत्ती, दुर्री, गुलाम.
तिन्ही किलवर.
मी जाळ्याची एक गाठ सोडवत बसलो,
सुटलेलीच होती, तरी.

कार्मेलीनकडे किलवरचा एक्का. तिने झोळ रिकामा केला.
लवूने नेहमीसारखं सारलं, न बघितल्यासारखं.
मग चौकटची नव्वी. मग,
कंदिलाच्या वातीसारखी वर येत,
चौकटची सत्ती.

लवूने पानं उलटी केली.
तीन सत्त्या, दोन दुर्र्या.
माझा सगळा रंग त्याखाली गेला असता,
मी, माझी रास, आणि उधार घेतलेल्या बियाही.
छातीत गार वाटलं. पण खरं सांगायचं
तर टाकताना मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.
मी फक्त कार्मेलीनला भ्यालो होतो.

लवू हसला नाही. बिया मोजल्या नाहीत,
पत्र्यातून गळतं तिथून फक्त बाजूला सरकवल्या.

पुढचा डाव बस्त्यावने वाटला.
लवूने दोन्ही पानं उचलली,
कंदिलाजवळ नेली,
बराच वेळ बघितली
आणि पहिल्यांदाच
हळूच पालथी ठेवली.

कुठली होती, कुणी विचारलं नाही.
बाहेर भरती लागली होती.
सगुण म्हणाला, वाट, वाट.