अवलंबून

जुलैत सेलमहून शशिकांतचा फोन :
गलाईचा हिशेब झाला, आता आईच्या डोळ्यांचा दाखला जोड,
पंचाहत्तर हजार वजा होतात म्हणं.
जोडला. रकान्यात टाइप केलं :
आई. पूर्णपणे अवलंबून.

भादव्यात भागाक्का स्वतःच आली,
विट्याच्या पेठेतनं भिंत धरत धरत,
पदरात निराधार पगाराचा अर्ज.
त्याच टेबलावर, त्याच कीबोर्डवर
मी विचारलं, मुलगा सांभाळतो?

"दिवाळीला तेलाचा डबा येतोय.
त्याला काय म्हणत्यात तुमच्यात?"

त्याला रकाना नव्हता.
शेवटी सगळं सांगितलं, आकड्यासकट :
आक्का, सरकारदरबारी
तुम्ही त्याच्या ताटात जेवता. अर्ज टिकायचा नाही.

बराच वेळ ती
पंख्याच्या आवाजाकडं तोंड करून बसली.
"पंचाहत्तर हजार? ह्या डोळ्यांचं?
दिसत हुतं तवा
कुणी चार आणं दिलं न्हाईत."

हसली. तीस रुपये मोजले, बोटांनी चाचपून.
पावती मागितली.
घडी घालून चोळीत ठेवली,
नीट,
घरी जाऊन वाचायची असल्यासारखी.