विषयाचा रकाना

नोंदवहीत विषयाचा रकाना अरुंद आहे,
एकच शब्द मावतो.
चोडणच्या आमच्या शाळेत चार इयत्ता, एक खोली,
अकरा मुले आणि मी.
चौथीचे हृदय शिकवताना
पहिलीचा 'ह' पाटीवर गिरवणे चालूच असते.

तक्त्याला वाळवी लागलेली,
नेमकी डाव्या कप्प्यात.
म्हणून फळ्यावर काढले:
येणाऱ्या रक्ताला निळा खडू, जाणाऱ्याला लाल.
लाल मधेच संपला
तेव्हा दुर्वाने अंगणातून कौलाचा तुकडा आणला.
कौलाने काढलेली महाधमनी
जरा खरखरीत आली.

"हृदय म्हणजे काळीज, बाई?"
पहिलीतल्या शांबाने गिरवता गिरवता विचारले.
होय.
"मग पुस्तकात तसे का नाही?"
मी डस्टर शोधू लागले.

झडपेपाशी पोचलो.
रक्त पुढे जाते, मागे येत नाही;
दार एकाच बाजूला उघडते...
आणि वर्षभर हजेरीपुरताच बोललेला तन्वेश
खिडकीबाहेर बोट दाखवून म्हणाला,
"म्हणजे आमची मानस."

घंटा न देताच निघालो,
बांधावरून एका रांगेत,
शांबाने पाटी सोबत घेतलेली.
भरती चढत होती.
नदीने लाकडी दारांना पाठ टेकली
आणि दारे आपली आपण मिटली.
धप्प.
"कोणी लावत नाही," तन्वेश सांगत होता,
"पाणीच लावते. ओहोटीला आतले पाणी ढकलते,
तेव्हा उघडतात.
खारे पाणी खाजनात शिरले
तर तीन वर्षे भात तोंड दाखवत नाही."
इतकी वाक्ये सलग
त्याच्या तोंडून मी ऐकली नव्हती.

मग मनगटावर बोटे ठेवून सगळ्यांनी मोजले.
दुर्वाचे ठोके अठ्ठ्याऐंशी, माझे बहात्तर.
दिवसाचे किती ते तिने चिखलात काडीने गुणले,
ओठ चावत, हातचा एक धरत.
(गणितात हात होताच की,
इतकी वर्षे मीच धरला नव्हता.)
एक लाख तीन हजार सहाशे ऐंशी.
एक कुर्ली शेवटच्या शून्यावरून तिरकी चालत गेली
आणि माझे काळीज दहा हजारांवर आले.
सगळी हसली.

तन्वेश हसला नाही.
"आजोबांची मिटत नाही," म्हणाला.
"बांबोळीला डॉक्टरांनी पडद्यावर दाखवली.
थोडे रक्त मागे येते."
दारावर हात ठेवून,
जसा म्हशीच्या पाठीवर ठेवावा,
"फळी सडली तर आम्ही बदलतो.
तोपर्यंत फटीत गवत कोंबतो, चिखल लिंपतो.
त्यांचे काय करतात, बाई?"

पान एकेचाळीसवर हे नव्हते.
बेचाळीसवर स्वाध्याय होता: रिकाम्या जागा भरा.
"विचारून सांगते," इतकेच मला आले.

संध्याकाळी नोंदवही उघडली.
परिसर अभ्यास लिहिले, खोडले.
गणित लिहिले. भूगोल. मराठी.
रकाना काळा झाला.
शेवटी वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिले:
मानस.
तपासणीला येणाऱ्या साहेबांना वाटेल
मन वगैरे, मूल्यशिक्षण असेल.
वाटू दे.

घरचा अभ्यास दिला होता:
घरातल्या एका माणसाची नाडी, सात दिवस, आलेखावर.
तन्वेशच्या कागदावर
सोमवार शहाण्णव, मंगळवार ब्याण्णव,
बुधवारी अठ्ठ्याण्णव, भोवती गोल,
आणि बाजूला: मधला एक चुकला.
गुरुवारचा चौकोन कोरा.

मी तो कोरा चौकोन पाहत किती वेळ बसले कोण जाणे,
कागद उलटायचे सुचले नाही.
मागे पेन्सिलीने लिहिले होते:
"आज मोजली नाहि. ओहोटी होति.
आजोबा माझ्याबरोबर सुंगटे धरायला आले."

शुद्धलेखनाच्या दोन चुका.
लाल पेन टोपणातच राहू दिले.