विनामोबदला

परवाना मंगळवारी आला.
फोटोत माझे कान जरा जास्तच उठून दिसतात.
नियम वाचत बसलो. ढगात शिरायचं नाही,
रात्र माझी नाही,
आणि एका कलमात असं की
या धारकास माणसं नेता येतील,
मात्र भाडं घेता येणार नाही.

ते कलम मी तीनदा वाचलं.
आमच्यात असं कुणी कुणाला कधी बजावलं नव्हतं.
आजोबांचा टांगा, सियागंजच्या नाक्यावर.
वडिलांचा तीनचाकी टेम्पो, राजवाडा ते पाटनीपुरा,
एक सीट, एक सीट, चला भिया, सरका थोडं.
माझ्या शाळेच्या चार व्हॅन.
माणूस दिसला की आमचा हात
आधी सुट्ट्या पैशांकडे जातो.

एकोणपन्नासाव्या वर्षी
बिजासनच्या टेकडीखालच्या हँगरात उभा राहिलो.
शिकवणारी ऋजुता टेंबे, वय चोवीस.
काका, म्हणाली, स्टिअरिंग विसरा,
जमिनीवर पायांनी वळायचं.
बत्तीस वर्षांचे हात मांडीवर ठेवून
मी आठवडाभर पिवळ्या रेघेवर
दारुड्यासारखा डावीउजवीकडे गेलो.

हवामानाच्या पेपरात एकदा नापास.
मग मालूताई रोज रात्री कणीक मळता मळता विचारायची,
दवबिंदू म्हणजे काय रे?
आणि मी चुकलो की पोळपाटावर लाटणं आपटायची.
तासाचा दर तिनेच विचारला होता पहिल्यांदा.
चाळिसाने गुणला मनातल्या मनात,
म्हणाली, एक व्हॅन.
आणि चौथी व्हॅन विकली.
अजून काही बोलली नाही.

एका सकाळी ऋजुता इंजिन चालू ठेवूनच उतरली,
दार लावलं, दोनदा थोपटलं, गेली.
उजवी सीट रिकामी.
तिच्या वजनाइतकं विमान हलकं झालं
आणि तेवढाच मी जड.
जमीन नेहमीपेक्षा लवकर सुटली.
एक चक्कर, सहा मिनिटं.
पूर्ण वेळ मोठमोठ्याने बोलत होतो,
ऐकायला कुणी नव्हतं म्हणून.
खाली आल्यावर पोरांनी बादलीभर पाणी ओतलं,
चष्म्यासकट.

रविवारी मालूताईला नेलं.
एकसष्ट वर्षांची. आमच्या कुठल्याच गाडीत
ती पुढे बसलेली नाही.
पुढची सीट म्हणजे दोन मुलांची फी,
हा हिशेब तिचाच.
अंबाड्यावर हेडफोन बसेना,
शेवटी तिने पिना काढून माझ्या खिशात टाकल्या.

दोन-पाच धावपट्टीवरून निघालो.
सिरपूरचा तलाव डाव्या पंखाखाली आला,
कुणी ताटात वरण सांडावं तसा पसरट, मातकट.
ती बघत होती.
मग बोटाने काचेवरच रस्ते ओढायला लागली.
ही पहिली फेरी. ही दुसरी.
इथे त्या जुळ्या मुली चढायच्या.
हा उड्डाणपुलाचा खोळंबा, रोजची अकरा मिनिटं.
तिसरी फेरी तिच्या नखात मावली.
म्हणाली, एवढंच?
माझ्या हेडफोनात तिचा आवाज
अगदी कानाशी, लहानपणी अंथरुणात
कुजबुजायची तसा.
मी म्हटलं, वरून एवढंच.

उतरलो. इंजिन थांबलं.
गरम धातू टिकटिक करत होता.
तिने पर्स उघडली, वीसची नोट काढली.
बोहनी, म्हणाली.
मी म्हटलं, ताई, नाही घेता येत.
अरे, शकुनाची.
शकुनाचीही नाही, नियम आहे.
तिने नोटेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं,
पैसे घेत नाही म्हणणारा या घरातला
पहिला इसम असल्यासारखं.
मग नोट चार घड्या घालून परत ठेवली.
पिना मागितल्या.

रात्री वही उघडी होती टेबलावर.
तारखेसमोर तिचं टोकदार अक्षर:
सवारी एक. वेळ पंचवीस मिनिटं.
जमेच्या रकान्यात काहीच नाही,
शून्यसुद्धा नाही,
फक्त पेन बराच वेळ टेकवून ठेवल्याचा
एक निळा ठिपका.

सोमवारी सहाला दुसरी व्हॅन सुरू होईना.
आम्ही दोघांनी धक्का मारला.