चार आणि तीन

शद्रख मास्तरांचा डावा पाय
साखरेनं नेला, गुडघ्याखालून.
मिशन दवाखान्यातनं घरी आले त्याच आठवड्यात
मला निरोप: लेथ बंद कर, ये.

वाद्य मीच बनवून दिलं होतं, सत्त्याण्णव साली.
भंगारातल्या पट्ट्या घासून, स्पोकांचे ओढे लावून,
ब्रेकच्या केबली, तीन पेडल, दहा तारा.
तारांवर फिरवायचा बार
रोलिंग मिलमधल्या सळीचा, तोंड दिसेल असा घासलेला.
कोणता स्क्रू कुठं, मला पाठ.
त्यातून काय निघतं, हे कधी विचारलं नव्हतं.
लग्नाच्या ऑर्केस्ट्रात ते वाजवायचे,
मी मागं, जनरेटरपाशी.

"आजपासून तुझे हात हेच माझा पाय."

तर मी वाद्याखाली उताणा,
ट्रॅक्टरखाली पडतो तसा,
आणि वरून आवाज:
"काळी-पांढरी, सगळ्या पट्ट्या सारख्याच मोज.
सा पासून चार चाल. गंधार.
तिथून तीन. पंचम. ही मेजर.
आता आधी तीन, मग चार. ही मायनर.
बेरीज किती?"
सात.
"दोन्हीकडं सातच ना? मग फरक काहून पडला?"

मी गप्प.
आमच्या भजनात सूर एकटा जातो,
पाणंदीनं एकट्यानं जावं तसा.
तिघांनी एकदम बोलायचं म्हणजे भांडण,
एवढंच माहीत.

"पहिला दाब."
दाबला. वर पंचम सरकून धैवत झाला.
"दुसरा."
गंधाराचा मध्यम.
"सा हलला का?"
नाही.
"पण पहिला राहिला नाही. मध्यमाच्या घरात तो पाचवा.
आता दुसरा सोड."
सोडला,
आणि कुणी कंदिलाची वात खाली केल्यागत
खोली मंद झाली.
"हे धैवताचं घर. इथं सा कोण?"
ग्रीसच्या बोटांवर मोजलं. धैवतापासून तीन.
कोमल गंधार.

ज्याला धरून बाकीचे सगळे उभे राहतात
तो सा, कुणाच्या तरी घरात कोमल गंधार असतो,
हे मला बावन्नाव्या वर्षी कळलं,
जुन्या जालन्यात, पाठीखाली शहाबादी फरशी.

घरी मी थोरला.
सासुरवाडीला चौथा जावई, ताट शेवटी येतं.
मिलच्या गेटवर नुसता टर्नर.
हललो कुठं होतो?

ट्यूनरचा काटा गंधार बरोबर दाखवायचा,
मास्तर तोंड वाकडं करायचे.
"अर्धं सूत खाली."
सूत मला लोखंडाचं ठाऊक. तरी पान्यानं ढिला केला,
केसभर, अजून केसभर,
आणि तिन्ही तारा एकाच घशातून आल्या.
काटा म्हणतो चुकलं, कान म्हणतो बसलं.
लेथवर असं केलं की माल परत येतो.

काल त्यांनी चौथा आणला, कोमल निषाद.
तिघं बसलेल्या बाजेवर
हा टेकला, अर्धा आत, अर्धा बाहेर.
"हिला इथं करमत नाही. कुठं जायचंय, ऐकू यायलंय का?"
येत होतं. मध्यमाच्या घरी.
दोन्ही पेडल दाबले की पोचली.
मी तळवे ठेवले,

तेवढ्यात लाईट गेली.
अँप्लिफायर मेला. एमआयडीसीकडचा भट्टीचा घरघराटही थांबला.
तारा मात्र वाजतच होत्या,
बारीक, लोखंडाच्या अंगातल्या अंगात.
मास्तरांनी बार उचलला नाही.

"दाबू?"
"थांब की जरा," अंधारातनं म्हणाले,
"काय घाई करायलास."